धोंडिभाऊचं वाडगं

आमच्या घरातल्या डिशच्या कपाटात धोंडिभाऊने बांधलेले चौदा दोरे मी एका रविवारी सकाळी कात्रीने कापले. कुणी सांगितलं नव्हतं. कापलेले दोरे पाणी तापवायच्या बंबात घातले, हात धुतले आणि थोरल्या वहिनींकडे चहा मागितला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बंबात काय घातलं? केस जळल्यावाणी वास येतोय."

"कचरा," मी म्हणालो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण धोंडिभाऊची गोष्ट सांगायला बसलो की हा भाग मी पुढे ढकलत नेतो आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याची एसटी येते.

धोंडिभाऊ आळेफाट्याला डिश बसवायचा. नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याला, पंक्चरवाल्याच्या शेजारी त्याची पत्र्याची टपरी होती. टपरीला पाटी नव्हती. वर एक चेमटलेली डिश तारेने टांगलेली होती, तीच पाटी. मी एकदा म्हटलं, जरा नाव तरी रंगवून घे. तर म्हणाला, "मास्तर, ज्याची डिश बिघडली ते माणूस वर बघत बघत येतंय. त्याला वरच काय तरी दिसाय पायजे."

तो उंच आणि काटक होता, आणि चालताना नेहमी लांब कुठेतरी बघायचा. त्याच्या घरची मेंढरं होती. आई आणि थोरला भाऊ अजून कळपाबरोबर फिरायचे. दिवाळी झाली की माळशेज उतरून कोकणात, आणि पाऊस लागायच्या आत परत वर. धोंडिभाऊ त्यातून बाहेर पडून या धंद्यात कसा आला, हे त्याने मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं, म्हणून ते सोडून देतो. पण कळप सुटला तरी कळपाची भाषा काही सुटली नव्हती. वायर तुटली असं तो कधी म्हणत नसे; वायर "चुकली" म्हणायचा. चॅनेल दिसेनासं झालं की "चरायला गेलंय, येईल." रिसिव्हर गरम झाला की "सावलीला बांधा त्याला." आणि पडद्यावर चित्र आहे पण आवाज नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की गंभीरपणे विचारायचा, "मेंढरू हाय, पर वरडत न्हाई, असंच ना?" गिऱ्हाईक गोंधळून हो म्हणायचं.

डिश कुठे वळवायची हे तो यंत्राने ठरवत नसे. गच्चीवर उभा राहून कपाळावर आडवा हात धरायचा, डोंगरापलीकडचा कळप शोधावा तसं आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "हां, तिकडं बसलंय." उपग्रहाविषयी बोलत असायचा तो. मग पान्याने डिश वळवायची आणि खाली कुणीतरी "आलं, आलं" म्हणून ओरडायचं. मी आळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. अंश, कोन, अक्षांश असलं सगळं मी त्याला कागदावर काढून दिलं होतं. तो कागद त्याने घडी घालून डिशच्या पायाखाली पाचर म्हणून बसवला. "बराबर बसला," म्हणाला.

आमच्या घरी त्याने डिश बसवली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. आमचं घर पिंपरी पेंढारला, रस्त्यालगत. आम्ही तिघे भाऊ. थोरले आण्णा शेती बघायचे, धाकटा सुरेश ट्रॅक्टर आणि भांडणं बघायचा, आणि मधला मी, नोकरीवाला, म्हणजे घरच्या मते काही न बघणारा. चुली तीन झाल्या होत्या. वडील, तात्या, पुढच्या खोलीत बसायचे आणि पाळीपाळीने तिन्ही चुलींवरचं जेवायचे. ज्या घरात नातवंडं असतात त्या घरात टीव्ही येतो, आणि आमच्यात तर तिघांच्या तीन खोल्यांत तीन आणि तात्यांचा एक असे चार आले. मग सुरेश म्हणाला, मी माझी डिश वेगळी बसवणार.

तात्या म्हणाले, "चुली तीन केल्या, म्या काय बोललो न्हाई. आभाळ एकच ऱ्हाऊ द्या."

म्हणून डिश एक आली. आता एका डिशवर चार टीव्ही चालायचे तर प्रत्येक टीव्हीला आपापला रिसिव्हरचा डबा लागतो, आणि तो डबा टीव्हीजवळ ठेवायचा ही जगाची रीत. धोंडिभाऊने ती मोडली. मधल्या बोळात भिंतीतलं एक कपाट होतं, फवारणीची औषधं ठेवायचं. ते त्याने रिकामं करून घेतलं, चारी डबे त्यात एकावर एक मांडले आणि तिथून प्रत्येक खोलीत वायर नेली.

"चार मेंढरं चार जागी बांधली तर बिबट्या चार दारं हुडकतो," तो तात्यांना समजावत होता. "एका वाडग्यात कोंडली की राखण एकच. तुमच्याकडची लाइट म्हंजी बिबट्याच हाय. कवा झडप घालंल नेम न्हाई. एक स्टॅबिलायझर, एक कुलूप. उंदीर न्हाई, पोरं न्हाई."

तात्यांना ते फार पटलं. त्या दिवसापासून कपाटाचं नाव वाडगं, म्हणजे मेंढरांचा कोंडवाडा, असं पडलं. घरी आलेल्या पाहुण्याला "वाडग्यात जाऊन जरा बातम्या लावून या" असं सांगितलं की तो बिचारा गोठ्याकडे निघायचा.

डिशवरून मात्र माझा आणि धोंडिभाऊचा वाद झाला. मी म्हणत होतो जाळीची घे. आमचं घर माळावर, वारा जाळीतून निघून जाईल. तो म्हणे भरीवच पाहिजे.

"कारण काय?" मी विचारलं.

"जाळीत पाणी ऱ्हातं का, मास्तर?"

डिशमध्ये पाणी कशाला राहायला हवं, हे मी पुढे आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत लोकांना विचारत होतो आणि सगळे हसत होते. विज्ञान न शिकल्याने माणसाचं काय होतं याचं उदाहरण म्हणून मी ते वर्गातही सांगितलं.

आता दोरे. वाडग्यातल्या प्रत्येक डब्याला तीन वायरी: एक डिशकडून येणारी, एक टीव्हीकडे जाणारी, एक विजेची. बारा झाल्या. शिवाय डिशची मुख्य आणि स्टॅबिलायझरची, अशा चौदा. सगळ्या काळ्या आणि सारख्या जाडीच्या. धोंडिभाऊने प्रत्येकीला लोकरीचा एक जाड दोरा बांधला, आणि त्या दोऱ्याला गाठी मारल्या. कुणाची कुठली वायर ते गाठीवरून ओळखायचं. तात्यांची एकच घट्ट निरगाठ. आण्णांच्या एकापाठोपाठ दोन. सुरेशची पीळ घातलेली, बोटाला टोचणारी. आणि माझी सुरगाठ, ओढली की सुटणारी.

"माझीच का अशी?" मी विचारलं.

"ज्याची त्याला शोभंल अशी घातलीया," तो म्हणाला. "मास्तर माणूस. कवाबी निसटणार."

सुरेश चार दिवस हसत होता.

वायर दाखवायची त्याची एक पद्धत होती. डोळे मिटायचे, हात वाडग्यात घालायचा, बोटं वायरींवरून फिरवायची आणि नाव घ्यायचं: "आण्णा. तात्या. हे मास्तर, निसटतंय." कधी चुकला नाही. मेंढरं अंधारात कानाच्या खाचेवरून ओळखतात तसंच हे, असं सांगायचा. मला तो निव्वळ दिखाऊपणा वाटायचा. डोळे आहेत, दिवा आहे, मग हात कशाला चाचपडायचे?

वाडग्याचा एक तोटा होता. डबा बोळात आणि टीव्ही खोलीत, त्यामुळे चॅनेल बदलायचं तर उठून बोळात जावं लागायचं. एक जण तिथे बटण दाबायचा आणि दुसरा खोलीतून ओरडायचा, "पुढं! अजून पुढं! गेलं, मागं घे!" या तोट्याचा फायदा तात्यांखेरीज कुणाच्या लक्षात आला नव्हता. एका उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आण्णा आणि सुरेश यांचं बोलणं बंद झालं. शेतात पाठ, अंगणात पाठ. पण क्रिकेट लागलं की दोघांनाही वाडग्यापाशी यावं लागायचं, आणि बोळ एवढा अरुंद की एकाने सरकल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नसे. "सरक" हा पहिला शब्द आण्णा बोलले. "किती झालं?" हा दुसरा सुरेश बोलला. मी तात्यांना म्हटलं, धोंडिभाऊला सांगून रिमोटची काही सोय करता येईल. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

धोंडिभाऊच्या आणखी दोन सवयी सांगतो. मी त्या इतकी वर्षं बघत होतो की सांगायला लाज वाटते.

एक म्हणजे, बॅटरीच्या तारा तो स्वतः कधी जोडायचा नाही. आमच्याकडे पुढे इन्व्हर्टर आला, त्याची बॅटरी बसवायला तोच आला. सगळं मांडून झालं की मागे सरकला. "मास्तर, ह्ये लाल-काळं तुमी लावा. शास्त्र तुमचं हाय. आमी अडाणी." मी फुशारून लावलं. पुढच्या वेळीही लावलं. घरी आल्यागेल्याला मी सांगायचो, धोंडिभाऊ एवढा कारागीर, पण बॅटरीला मला विचारतो.

दुसरी गोष्ट टोमॅटोची. आमच्या भागात टोमॅटो म्हणजे लहान पोरालाही कळतो. नारायणगावच्या बाजाराला कुठला आज न्यायचा आणि कुठला परवा, हे पोर लांबून सांगतं. एकदा तोडा चालू होता, धोंडिभाऊ डिशच्या कामाला आला होता. आण्णा म्हणाले, जाताना हवे तेवढे टोमॅटो तोडून ने. तो उपरणं भरून घेऊन आला. निम्मे लाल, निम्मे हिरवेगार, दगडासारखे. मी ते उपरणं सगळ्यांसमोर उघडून दाखवलं. "अरे, मेंढरांना नेतोस का?" म्हणालो. सगळे हसले. तोही हसला, "कच्च्याची चटणी लई भारी व्हती," म्हणाला. फक्त वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ते उपरणं माझ्या हातातून घेतलं, शेतात गेल्या आणि स्वतः निवडून भरून आणलं. "पावण्यानं निवडायचं नसतं, भाऊ," एवढंच त्याला म्हणाल्या. त्यानंतर तो आला की त्याच्या पिशवीत काय भरायचं ते वहिनीच भरायच्या. मला वाटलं, वहिनींना उगाच पुढे पुढे करायची सवय आहे.

मग लॉजचं काम निघालं.

फाट्यावर एक नवं लॉज होत होतं, अठरा खोल्यांचं. मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठला प्रत्येक खोलीत टीव्ही हवा होता, पण रिसिव्हर खोलीत नको. गिऱ्हाईक पिशवीत घालून नेईल. सगळे डबे खाली काउंटरच्या मागे एका खोलीत हवे होते. म्हणजे वाडगंच, पण मोठं. असलं काम आळेफाट्यापासून मंचरपर्यंत तेव्हा कुणी केलेलं नव्हतं. एका माणसाने छोटं का होईना, केलेलं होतं, आणि ते आमच्या बोळात होतं.

धोंडिभाऊ शनिवारी शाळेत मला भेटायला आला. टपरीबाहेर चहा पिताना जेवढा बोलायचा त्याच्या दुप्पट बोलला.

"मास्तर, ह्ये काम झालं ना, की मंग फाट्यावर समदी मला डिशवाला म्हणत्याल. आत्ता काय म्हणत्यात ठावं हाय? मेंढरावाल्याचा धोंड्या. एवढ्या डिश बसिवल्या, तरी मेंढरावाल्याचा. उद्या अकराला शेठला घिऊन येतो, वाडगं दावायला. तुमी काय करू नका. निस्तं दार उघडं ठिवा."

"काही करू नका" असं मला कुणी म्हटलं की माझ्या हातांना खाज सुटते. रविवारी सकाळी मी वाडगं उघडलं. धूळ होती. आणि ते दोरे! मळलेले, केसाळ, कुठे काळे कुठे पांढरे. एखाद्या देवऋष्याच्या हातात शोभावेत असे. शेठसारखा शहरात वावरलेला माणूस हे बघून काय म्हणेल? मी धोंडिभाऊच्या भल्यासाठी अक्षरशः कळवळलो. कात्री आणली. चौदाच्या चौदा दोरे कापले. सगळ्या वायरी उपसून ओल्या फडक्याने पुसल्या, परत जोडल्या, आणि प्रत्येकीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळली. तात्यांना लाल. आण्णांना हिरवी. मला निळी. सुरेशसाठी पिवळी हवी होती ती घरात नव्हती, म्हणून खोक्यांना लावायची तपकिरी लावली. काम असं देखणं झालं की मी वाडग्याचं दार लावून पुन्हा उघडून बघितलं.

अकराला शेठ आले. पांढरा सफारी, हातात किल्ल्यांचा जुडगा. चारी खोल्यांत टीव्ही लावून ठेवलेले होते. धोंडिभाऊने वाडगं उघडलं, आणि आत न बघताच शेठकडे वळून म्हणाला, "शेठ, अठरा असोत न्हाईतर ऐंशी. आपल्याला डोळं लागत न्हाईत. बोला, कुणाची बंद करू?"

शेठ म्हणाले, "थोरल्या भावाची कर."

धोंडिभाऊने डोळे मिटले आणि हात आत घातला. बोटं पहिल्या वायरीवरून फिरली. दुसरीवरून. मग थांबली. परत पहिलीवर आली. त्याने डोळे उघडले आणि वाडग्यात बघितलं, आणि मग माझ्याकडे.

मी हसून पुढे झालो. "धोंडिभाऊ, आता डोळे मिटायचं कामच नाही. सगळं शास्त्रशुद्ध केलंय. आण्णांची हिरवी. काढ."

त्याने वायरींकडे बघितलं. फार वेळ बघितलं असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं, कौतुकाने बघतोय. मग त्याने एक वायर धरली आणि उपसली.

पुढच्या खोलीतून तात्या ओरडले, "आरं, कोणंय रं तिकडं!"

"ती लाल होती," मी म्हणालो. "हिरवी, हिरवी." मतिमंद पोराला सांगतात तशा सुरात म्हणालो.

त्याने दुसरी उपसली. सुरेश ओरडला.

शेठने आधी वायरीकडे बघितलं, मग धोंडिभाऊच्या तोंडाकडे. किल्ल्यांचा आवाज थांबला.

धोंडिभाऊने दोन्ही वायरी खाली सोडल्या. उपरण्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "शेठ, कळपात मेंढरू वळखू आलं न्हाई, तर आमी काय करतो? जरा हालिवतो. ज्येचं त्ये वरडतं." आणि त्याने एकेक वायर उपसायला सुरुवात केली. उपसली की कुठल्यातरी खोलीतून आरडाओरडा व्हायचा. तो कान देऊन ऐकायचा, "ह्यो आण्णा," म्हणायचा, पिशवीतून लोकरीचा गुंडा काढून त्या वायरीला दोरा बांधायचा आणि गाठ मारायचा. माझी वायर काढली तेव्हा कुणीच ओरडलं नाही, कारण मी तिथेच उभा होतो. तो म्हणाला, "गप हाय त्ये मास्तरांचं." आणि सुरगाठ मारली. घड्याळाची पंधरा मिनिटं झाली नसतील. त्याचे कान मात्र पार तांबडे झाले होते.

शेठ जाताना हसून म्हणाले, "काम चोख हाय तुझं. पर लॉजात गिऱ्हाईक असं वरडाय लागलं तर धंदा बसंल, राव." अंगणात मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्येला रंग दिसत न्हाईत का?" मी म्हणालो, "छे, घाबरला असेल." लॉजचं काम पुढे बाहेरगावच्या कुणालातरी गेलं.

शेठ गेल्यावर धोंडिभाऊ पायरीवर बसून चपला घालत होता. मी मागे उभा.

"दोरं कुठं टाकलं?" त्याने विचारलं.

"बंबात."

"आं." त्याने दुसरी चप्पल घातली. "आयनं चातीवर वळल्याली लोकर व्हती ती. जळताना वास आला आसंल."

"आला," मी म्हणालो.

"येतोच," तो म्हणाला आणि गेला.

दीडएक महिन्याने मी नववीच्या वर्गात रंगांधळेपणा शिकवत होतो. अकरा वर्षं शिकवत होतो, पुस्तक बंद ठेवून. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, सर, असा माणूस ओळखायचा कसा? मी झोकात सांगायला लागलो: त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. तपकिरीही त्यात मिसळतो. पिकलेलं आणि कच्चं फळ ओळखता येत नाही. पुष्कळदा तो ते लपवतो. रंगाचं काम आलं की दुसऱ्याकडून गोड बोलून करून घेतो…

खडू तिथेच थांबला. मुलांना वाटलं सरांना बरं वाटत नाहीये. एकाने पाणी आणून दिलं.

घरी येऊन वहिनींना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्यासुद्धा नाहीत. "ते टोमॅटोच्या येळंलाच कळलं की," म्हणाल्या. "तुमाला आत्ता कळलं व्हय?"

मी माफी मागायला म्हणून टपरीवर गेलो. धोंडिभाऊने चहा सांगितला. चहा पिऊन झाला तरी मला सुरुवात सापडेना, तेव्हा काहीतरी निमित्त हवं म्हणून मी चिकटपट्टी मागितली.

"काळीच हाय," तो म्हणाला. "आपल्याकडं काळीच असती."

काळी पट्टी घेऊन घरी आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, पुन्हा तेच. माझ्या टेबलाच्या खणात आजही काळ्या चिकटपट्ट्यांची सात रिळं आहेत. एकही फोडलेलं नाही.

लॉजबद्दल एक राहिलं. दोन उन्हाळ्यांनंतर तिथे त्या बाहेरगावच्या माणसाने लावलेल्या रंगीत पट्ट्यांचा डिंक उकाड्याने वितळला आणि सगळ्या पट्ट्या गळून काउंटरमागे पडल्या. अठरा खोल्यांतली कुठली वायर कुणाची, कुणाला कळेना. शेठने धोंडिभाऊला बोलावलं. मी असतो तर गेलो नसतो. तो गेला. लॉजची दोन पोरं मजल्या-मजल्यांवर उभी करून ओरडायला लावली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वायरींना दोरे बांधून आला. मी म्हटलं, "बघ, शेवटी तुझंच वाडगं झालं." तो म्हणाला, "बांधलं म्या. पर लोकं ज्येचं नाव झालं त्येचंच म्हणत्याल." फाट्यावर लोक त्याला शेवटपर्यंत मेंढरावाल्याचा धोंड्याच म्हणत राहिले.

तात्या गेले. वर्षभरात घरांवर छोट्या छत्र्या यायला लागल्या. ज्याची त्याची, वाडग्याची गरजच नाही. आमच्या गच्चीवर तीन बसल्या. त्या बसवायला शर्टावर कंपनीचं नाव असलेली पोरं आली. मोठी डिश उतरवायला मात्र धोंडिभाऊलाच बोलावलं. त्याने वाडग्यातल्या वायरी काढल्या. एकेक दोरा सोडवला, डोळे मिटूनच, आणि गुंडाळून खिशात ठेवला. तात्यांची निरगाठ काही केल्या सुटेना. ती त्याने दातांनी सोडवली. मी कात्री पुढे केली नाही, एवढी अक्कल तोवर आली होती. डिश त्याने मागून घेतली आणि टेम्पोत घालून नेली. वाडग्यात आता लोणच्याच्या बरण्या आहेत. आण्णा आणि सुरेश यांचं पुन्हा बोलणं बंद आहे, आणि दोघांकडे रिमोट आहेत.

टपरी बंद झाल्याचं मला पंक्चरवाल्याकडून कळलं. त्यानंतर धोंडिभाऊ दिसला तो एकदाच.

कांदा निघाला होता आणि रान रिकामं होतं. रानात मेंढरं बसवावीत, लेंडीखत होईल, म्हणून आण्णांनी मला कळप बघायला पाठवलं. आळ्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या रानात एक कळप उतरला होता. जाळ्याचं फिरतं कुंपण, म्हणजे वाघूर, उभी केलेली, आत कोकरं कोंडलेली. बाहेर मोकळ्या रानात काहीतरी पांढरं, गोल, मोठं दिसत होतं आणि त्याच्याभोवती मेंढरं दाटीने उभी होती. जवळ गेलो तर आमची डिश. आभाळाकडे तोंड करून जमिनीत बसवलेली आणि काठोकाठ पाण्याने भरलेली. मेंढरं पाणी पीत होती.

जाळीत पाणी राहतं का, मास्तर?

धोंडिभाऊ पलीकडून आला. केस पांढरे झाले होते. कपाळावर आडवा हात धरून त्याने मला ओळखलं. हसला. शेजारी त्याची आई बसली होती, मांडीजवळ चाती फिरवत लोकर वळत होती. मी मनाशी ठरवलं, आज सांगायचंच. घसा साफ केला.

"आये," धोंडिभाऊ तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "ह्ये पिंपरीचं मास्तर. त्यांच्या रानात मेंढरं बसवा म्हणत्यात."

म्हातारीने चाती थांबवली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ह्येच का त्ये," तिने विचारलं, "दोरं कापणारं?"

धोंडिभाऊ डिशमधल्या पाण्याकडे बघायला लागला.

"बसव मेंढरं," म्हातारी त्याला म्हणाली आणि पुन्हा चाती फिरवायला लागली. "पर ह्येला म्हणावं वाघरीपसनं लांब ऱ्हा. तीबी दोऱ्याचीच हाय."